पाच बशांमधलं मीठ

१

आलोशियस रुमाव मेला तो दिनानाथ चौधरींच्या विहिरीत, आणि त्याच्या चौथ्या दिवसापासून त्या विहिरीचं खारट झालेलं पाणी गोड व्हायला लागलं. आता एवढं झाल्यावर गावाला आणखी कुठला पुरावा हवा होता?

विरारजवळच्या बोळिंजच्या पश्चिमेला, जिथं बिल्डिंगा संपून वाड्या सुरू होतात, तिथली ही गोष्ट. साल अठ्ठ्याण्णव, मे महिन्याची दोन तारीख. चौधरींचं घर लग्नाला आगाशीला गेलेलं. दुपारी परतले तर पंपघर उघडं आणि विहिरीत आलोशियस पालथा. वय सहासष्ट, कपाळाला खोक, कमरेला नळ फिटिंगचा पाना खोचलेला. पाय घसरून पडला, असं पोलिसांनी लिहिलं आणि फाइल मिटवली. गावानं काही मिटवली नाही. फेब्रुवारीपासून चौधरींच्या पानवेली पिवळ्या पडून जळत होत्या, आणि आलूसच माझ्या विहिरीत मीठ टाकतो असं दिनानाथ चारचौघांत सांगत सुटला होता. आलोशियसच्या पडवीत मिठागरातनं आणलेल्या तीन गोणी लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यात त्याची स्वतःची विहीर तीस पावलांवर, आणि ती मात्र गोडच्या गोड.

हे सगळं हिल्डानं, म्हणजे आलोशियसच्या बायकोनं, एकनाथ तावड्यांना सांगितलं ते फुलपाड्याला त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून. तावड्यांची बायको मीरा नऊ वर्षं हिल्डाकडूनच केळी घ्यायची, त्या ओळखीनं ती आली होती. तावडे मूळचे मालवणकडचे. गुप्तहेरी वगैरे त्यांनी बापजन्मात केली नव्हती. एका कापड गिरणीच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं पाणी तपासलं, कारण पाण्यात खार असला की कापडावर रंग बसत नाही. गिरणी बंद पडली आणि तावडे घरी बसून मीराच्या स्वयंपाकातलं मीठ तपासायला लागले.

"दोन जूनला महिन्याची मिसा आहे, त्यांच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये," हिल्डा म्हणाली. "दिनाभाऊंनी मातीला हात लावला नाही हो. पन्नास वर्षांची संगत, आणि मूठभर माती टाकली नाही. मला पोलीस नकोत. माझा माणूस चोरासारखा गेला नाही, एवढं त्या एका माणसाला पटवून द्या. तो मिसेला आला की माझं झालं."

तावड्यांना खोटा धीर देता येत नसे. ते म्हणाले, "आणि त्यांनी खरंच मीठ टाकलेलं निघालं तर?"

हिल्डानं पदराच्या टोकाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"तर तेही मलाच सांगा," ती म्हणाली. "मी मिसा करीन, पण कुणाला बोलवणार नाही."

२

हिल्डाच्या पडवीत तीन रिकाम्या गोणी नीट घडी करून ठेवलेल्या होत्या. मागच्या अंगाला नारळाची बारा नवी रोपं. तावड्यांनी एका रोपाच्या बुंध्याशी हातभर उकरलं तर ओली, राखाडी झालेली मिठाची चिकटण लागली. नारळाच्या खड्ड्यात मीठ घालतात हे मालवणच्या माणसाला शिकवायला नको. बोळिंजच्या लोकांनाही ते माहीत होतंच की. पण एकदा संशय डोक्यात शिरला की माणूस माहीत असलेलंही विसरतो.

"बाराला तीन गोणी म्हणजे हात सैल होता," तावडे म्हणाले.

"मिठाला आणि गोड बोलण्याला हात आखडू नये म्हणायचे." ती एवढंच बोलली आणि चूल फुंकायला आत गेली. चूल पेटलेलीच होती.

तावडे विहिरीकडे गेले. आलोशियसनं पंप कधी बसवलाच नव्हता. जुना रहाट होता. बैल गेल्यावर त्याला एक छोटी मोटर जोडली होती, पण गाडगी तीच. ती खाली जात, वरवरचं पाणी भरून घेत आणि पाटात ओतत. तावड्यांनी ओंजळीत घेऊन चाखलं. पाणी गोड होतं.

चहा देताना हिल्डानं कप दिला, बशी दिली नाही. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "बशा वर आहेत. लग्नातला सेट, त्यातल्या पाच त्यांनी नासवल्या. बाटलीतनं पाणी आणायचे, बशांत ओतून पत्र्यावर उन्हात ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, चिमण्यांना. गेले त्याच्या आदल्या दिवशी ठेवलेल्या तशाच आहेत. मला काढवत नाहीत."

तावडे शिडीवर चढले. पत्र्यावर पाच बशा ओळीनं मांडलेल्या होत्या. पाणी केव्हाच उडून गेलेलं. प्रत्येकीच्या शेजारी पत्र्यावर कोळशानं रेघा काढलेल्या, पहिलीपाशी एक, पाचवीपाशी पाच. बाजूला खोकल्याच्या औषधाची बाटली, गळ्याला दोरी, तळाला दगड बांधलेला, आणि बुचाला वेगळी दुसरी दोरी. पहिल्या तीन बशा स्वच्छ. चौथीत एक फिकट कडं. पाचवीत पांढरी जाड खपली, बोटाला लागेल अशी. तावड्यांनी बोट जिभेला लावलं आणि तसेच शिडीवर उभे राहिले.

मीठ आलोशियसच्या घरात होतं, हे खरंच होतं. पण ते त्यानं विहिरीत टाकलेलं नव्हतं, विहिरीतनं काढून आणलेलं होतं.

३

बाटलीचं कोडं तावड्यांना तिथंच उलगडलं. बूच लावून बाटली खाली सोडायची, हव्या त्या खोलीला पोचली की दुसऱ्या दोरीनं बूच ओढायचं, म्हणजे नेमकं तिथलं पाणी भरतं. कोळशाच्या रेघा म्हणजे हात. एक हात खोल, दोन हात, असं पाच हातांपर्यंत. आलोशियस चौधरींच्या विहिरीचं पाणी थरांनी तपासत होता. लॅब नाही, काच नाही, लग्नातल्या बशा घेऊन. तावड्यांना त्या न पाहिलेल्या माणसाविषयी एकदम माया वाटली.

तरी दुसऱ्या कुणी मीठ टाकलं नसेल कशावरून? दोन नावं गावात कुजबुजत होती. पहिलं टँकरवाल्या उमंगचं. चौधरींनी त्याला टँकरसाठी विहीर द्यायला नकार दिला होता, तेव्हा बरीच बाचाबाची झालेली. तावडे त्याला चंदनसारला त्याच्या शेडमध्ये जाऊन भेटले.

"काका, खारी विहीर मला कशाला? खारं पानी कोन घेतं?" उमंग म्हणाला. "चौधरींची नाही मिळाली तर त्यांच्या शेजारच्या तीन मिळाल्या. फुलपाड्याला रोज चार टँकर टाकतो. तुमच्या बिल्डिंगला पण. तुम्हाला काय वाटलं, पानी कुठनं येतं?"

सकाळीच तावड्यांनी त्याच पाण्यानं दोन बादल्या आंघोळ केली होती.

दुसरं नाव जितेंद्रचं, दिनानाथच्या मुलाचं. वाडी विकायची त्याची इच्छा होती, बाप विकत नव्हता. वाडी जळाली की बाप नमेल, असा लोकांचा हिशेब. संध्याकाळी जितेंद्र ऑफिसातनं आला, तेव्हा तावड्यांनी त्याला विरार स्टेशनबाहेर गाठलं आणि आडवळण न घेता सगळं विचारलं.

"विकायची होती, खोटं कशाला बोलू," जितेंद्र म्हणाला. "पण मीठ? किती लागेल हो?"

तावड्यांनी ते आदल्या दिवशीच मांडून ठेवलं होतं. विहिरीत पाणी तीसेक हजार लिटर. तीन गोणींनी ते खारट होईल, जरूर होईल. पण पंप रोज सकाळ-संध्याकाळ ते उपसतो, आणि झऱ्यातनं नवं पाणी भरतं. दोन-तीन दिवसांत मीठ वाडीत जाऊन विहीर पुन्हा पहिल्यासारखी. तीन महिने खारट ठेवायची तर रोज टेम्पोभर मीठ आणून ओतायला हवं, आणि बोळिंजमध्ये टेम्पो आला की कुत्रीसुद्धा चौकशीला येतात.

"म्हणजे कुणीच टाकलेलं नाही. तुम्ही नाही, उमंग नाही, आलोशियसही नाही."

जितेंद्रला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तो मात्र रिक्षांच्या रांगेकडे बघायला लागला.

"मला ती वाडी पैशासाठी नव्हती विकायची," तो म्हणाला. "माझी अक्षदा तिथं गेली. पाच वर्षांची होती. दोन वर्षं झाली, श्रावणात. बावखलात पडली."

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि वर्षभर जमिनीत मुरत राहतं. वसईच्या पट्ट्यात विहिरीइतकीच बावखलाची काळजी घेतात. तावड्यांनी चौधरींची वाडी बाहेरून दोनदा पाहिली होती. तळं त्यांना कुठंच दिसलं नव्हतं.

"कुठं आहे ते?"

"नाही आता," जितेंद्र म्हणाला. "बाबांनी आठ दिवसांत बुजवलं."

४

दिनानाथ चौधरी जळक्या पानवेली सोडवत होते. सत्तरीकडे झुकलेला, उंच, वाकलेला माणूस. वेलीची गाठ इतक्या हळू सोडवत होते, जणू तिला दुखेल.

"आलूसची वकिली करायला आलात," ते म्हणाले. "करा. गेला तो. पण तो गेल्यावर पाणी गोड का झालं, तेवढं सांगा."

"तेच बघायला आलोय. विहिरीत उतरू द्या."

दिनानाथनी खांदे उडवले. विहिरीत उतरायची वाट पंपघरातूनच होती; त्याचं कुलूप त्यांनी किल्लीनं उघडलं. तावड्यांनी ते हातात घेऊन बघितलं. जुनं, पितळी, कुठं ओरखडा नाही. त्या दिवशी ते फोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. हे त्यांनी मनात ठेवलं आणि लोखंडी कड्यांवरून जपून खाली उतरले.

पंपाचा पाइप पाण्यात जातो तिथं त्यांनी हात घालून चाचपलं. तळाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो, पाणी खेचून घेणारी जाळीची झडप. ती त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरीच वर लागली. सांध्याशी बोट फिरवलं तर धागा लागला, नवा, आणि बोटाला सांध्याला लावायचा पांढरा सफेदा.

"पाइप कधी बदललात?" त्यांनी वरती ओरडून विचारलं.

"फेब्रुवारीत. पाणी खाली गेलं म्हणून पाच फुटांचा तुकडा जोडून खाली सोडला. माझ्या हातानं."

"तो तुकडा आता इथं नाही."

बादली काढायचा गळ टाकून तिसऱ्या खेपेला तो तुकडा वर आला, गाळानं माखलेला. दिनानाथ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पंपाची वाट लावायला आला होता."

"वाट लावणारा माणूस धागा गुंडाळून, सफेदा लावून, झडप परत घट्ट बसवत बसतो काय?" तावडे कठड्यावर टेकले. धाप लागली होती. "चौधरी, तुमच्या वाडीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतंय. साय पातळ झाली, आणि तुम्ही नळी तिच्याखाली घातलीत. पंप तीन महिने खालचं खारं ओढत राहिला. आलोशियसची गाडगी वरचंच पाणी उचलतात, म्हणून त्याची विहीर गोड राहिली. त्यानं बाटलीनं तुमच्या विहिरीचा एकेक हात मोजला, तीन हातांपर्यंत गोडं आहे हे काढलं, आणि तुम्ही घरी नसताना उतरून तुमची नळी वर घेतली. काम पुरं केलं. वर येताना पडला. पाणी गोड झालं ते तो मेला म्हणून नाही. मरायच्या आधी तो जे करून गेला, त्यानं झालं."

दिनानाथ खाली बसले. हातातली वेल त्यांनी सोडली नव्हती.

"मला सांगायचं ना त्यानं," ते म्हणाले. "शिव्या देत होतो, तरी सांगायचं. माझ्या तोंडावर सांगायचं." मग डोळे वर करून विचारलं, "पण साय पातळ का झाली? आमच्या आज्यापासून गोडं आहे इथं."

तावडे उत्तर देणार तोच त्यांची नजर घराकडे गेली. स्वयंपाकघराच्या दारात दिनानाथची बायको यमुना उभी होती. हात जोडलेले, आणि मानेनं नको, नको म्हणत होती.

५

"किल्ली तुम्हीच दिलीत," तावडे म्हणाले.

उत्तर घरात बसून देतो, असं तावड्यांनी म्हटल्यावर दिनानाथ हातपाय धुवायला मागे गेले होते. यमुना स्वयंपाकघरात जमिनीवर बसली, समोर निवडायला घेतलेले तांदूळ.

"मार्चात आलूसभाऊ आले होते, हे नसताना," ती म्हणाली. "म्हणाले, वहिनी, बावखल बुजलं म्हणून विहिरीला तोंड नाही राहिलं. पाऊस दोन वर्षं चार दिवस धोधो पडतो आणि वाहून जातो, मुरायला जागा नाही. मी म्हटलं, हे त्यांना सांगू नका. तुम्ही बघितलं नाहीत त्यांना. अक्षदाला त्यांनीच वर काढलं. तीन महिने जेवले नाहीत धड. बावखलाचं नाव काढलं तरी उठून जातात. त्यांना जर कळलं की ते बुजवलं म्हणून वेली मेल्या, तर ते म्हणतील पोरही माझ्यामुळं गेली आणि वाडीही. मी भाऊंना अक्षदाची शपथ घातली."

"आणि गावात त्यांच्यावर आळ आला तेव्हा?"

यमुना तांदळात बोट फिरवत राहिली. "तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला गेले. म्हटलं, शपथ सोडवते, सांगा. ते म्हणाले, वहिनी, दिना मला शिव्या देतोय तोवर ठीक आहे. स्वतःला द्यायला लागला तर जगायचा नाही. म्हणाले, नळी वर घेतो गुपचूप, पाणी गोडं झालं की त्याचा राग आपोआप उतरेल. लग्नाचा दिवस मीच सांगितला. किल्लीही मीच दिली." तिनं तांदूळ बाजूला सारले. "त्यांना विहिरीतनं काढलं तेव्हा मी तिथंच उभी होते हो. लोक म्हणत होते मीठ टाकायला आला होता, आणि मी उभी होते. एक शब्द तोंडातनं निघाला नाही. हिल्डाच्या घराकडनं जाताना मी अजून लांबून जाते."

मागच्या दारात ओल्या पायांनी दिनानाथ उभे होते. कधीपासून, ते कुणालाच कळलं नाही.

शेवटी तावड्यांनाच बोलावं लागलं, आणि त्यांना एवढ्या वर्षांत इतकं जड काही बोलावं लागलं नव्हतं.

"एकट्या बावखलानं नाही झालं हे, चौधरी. तुमच्या शेजारच्या तीन विहिरींतनं रोज टँकर भरतात. खालचं गोडं पाणी तेही ओढतात. त्यातला एक टँकर माझ्या बिल्डिंगला येतो. मी नऊ वर्षं ते पितोय. थोडं मीठ माझ्याही नावावर लिहा."

दिनानाथनी ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही. ते यमुनेकडेच बघत होते.

"पोरीनं रागावून नाही केलं ना खारं?" त्यांनी विचारलं, लहान मुलासारखं.

"नाही हो," यमुना म्हणाली. "तिनं काही नाही केलं."

६

दोन जूनच्या मिसेला देऊळ, म्हणजे चर्च, अर्धं भरलं होतं. हिल्डा पहिल्या बाकावर एकटी. तावड्यांनी तिला आधीच सगळं, यमुनेच्या शपथेसकट, सांगून टाकलं होतं. तावडे आणि मीरा मागे बसले, कधी उठायचं कधी गुडघ्यावर यायचं ते शेजारच्यांचं बघून करत. हिल्डानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पण दार वाजलं की तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

मिसा संपली तरी दिनानाथ आले नाहीत. तावड्यांना वाटलं, संपलं. आपण खरं शोधलं आणि त्याचा उपयोग शून्य. लोक कबरीकडे निघाले, तेव्हा फाटकापाशी दिनानाथ उभे दिसले, पांढरा सदरा, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. मागे जितेंद्र होता. यमुना नव्हती.

ते कबरीपाशी आले आणि पुडकं सोडलं. त्यात पानवेलीची पाच कोवळी पानं होती, जळक्या वेलीला महिन्याभरात फुटलेली. नव्या वेलीचा पहिला खुडा शेजारच्या घरी द्यायची या वाड्यांची रीत आहे. पन्नास वर्षं तो दिनानाथच्या घरून आलोशियसकडेच जायचा. त्यांनी पानं मातीवर ठेवली, मग वाकून बाजूची मूठभर माती उचलली आणि वर टाकली. महिनाभर उशिरानं.

"आलूसनं मीठ टाकलं नाही," ते वळून लोकांना म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या विहिरीत खारं मी ओढलं. त्यानं ते काढलं. त्याला चोर म्हटलं ते तोंड माझं. तुम्ही माझं ऐकून म्हटलंत, ते आता माझं ऐकून सोडा."

हिल्डा तेव्हा रडली. महिनाभरात पहिल्यांदा, असं मीरानं नंतर सांगितलं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण तिथून दिनानाथ घरी गेले नाहीत. सदरा काढून कुदळ घेतली आणि वाडीच्या त्या कोपऱ्यात गेले, जिथं दोन वर्षं कुणी पाऊल टाकलं नव्हतं. तावडे मागोमाग गेले तेव्हा ते डेब्रिज उकरत होते. विटांचे तुकडे, फुटकी फरशी, कुठल्या तरी बिल्डिंगचं उरलंसुरलं. जितेंद्र बराच वेळ बांधावरच उभा राहिला. मग उतरला, आणि बापाच्या हातातनं कुदळ घेतली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

पूर्वी वैशाखात दोन्ही घरं मिळून बावखल उपसायची. पहिलं घमेलं हिल्डा उचलायची आणि यमुनेच्या हातात द्यायची, मग रांग सुरू व्हायची. तावड्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की हिल्डा काळ्या साडीतच कुंपणाच्या फटीतनं आली, बरोबर घरचं घमेलं घेऊन, आणि जितेंद्रनं उकरलेलं त्यात भरायला लागली. यमुना लांब केळीच्या आडोशाला उभी होती. कुणी बोलावल्याशिवाय ती येणार नव्हती, आणि तिला कोण बोलावणार?

घमेलं भरलं. हिल्डानं ते कमरेपर्यंत उचललं आणि तशीच थांबली. पुढं हात करणारं कुणी नव्हतं. दिनानाथ पुढे झाले तशी तिनं मान हलवून त्यांना मागे सारलं. घमेलं जड होतं, तरी ती ते खाली ठेवीना. केळीकडे बघून म्हणाली,

"माझा माणूस तुझ्या शपथेपायी गेला, यमुने. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही." आणि थोड्या वेळानं, "आता ये. हात दुखतायत."